'रास्त' ठरवायचे कोणी? : इंग्रजीतील समर्थनवाचक क्रियाविशेषणे आणि आपले समीक्षालेखन

एखादे कृत्य, मत किंवा भावना समर्थनीय आहे, असे एका शब्दात सांगून पुढे जाण्याची सोय इंग्रजी वाक्यात आहे. 'राइटली', 'जस्टली', 'जस्टिफायबली', 'रीझनेबली', 'अंडरस्टँडेबली' ही क्रियाविशेषणे ते काम करतात. त्यांचे मराठी अर्थ देताना योग्य, रास्त, वाजवी, न्याय्य, साहजिक हेच चार-पाच शब्द आलटून-पालटून वापरले जातात. त्यामुळे ही क्रियाविशेषणे जवळजवळ समानार्थी आहेत, असा समज सहज होतो. हा समज इंग्रजीच्या वर्गापुरता राहिला असता, तर मराठी साहित्याच्या नियतकालिकाने त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु आपले पदव्युत्तर विद्यार्थी आणि संशोधक समीक्षासिद्धान्त बहुतांशी इंग्रजीतून वाचतात आणि प्रबंध मराठीतून लिहितात. या देवघेवीत ही क्रियाविशेषणे 'यथार्थपणे', 'रास्तपणे', 'योग्यरीत्या' अशा रूपांनी आपल्या समीक्षेच्या भाषेत शिरली आहेत. समर्थन व्यक्त करण्याची मराठीची स्वतःची रीत निराळी आहे आणि ती लेखकाला अधिक जबाबदार धरते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

प्रथम इंग्रजीतील व्यवस्था पाहू. आपल्या रूढ व्याकरणात क्रियाविशेषणांचे कालवाचक, स्थलवाचक, रीतिवाचक, परिमाणवाचक असे वर्ग केले जातात आणि क्रियापदाच्या अर्थाला विशेषित करणे हे त्यांचे कार्य मानले जाते. येथे विचारात घेतलेली इंग्रजी क्रियाविशेषणे या चौकटीत पूर्णपणे बसत नाहीत. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्तविक यांच्या १९८५ च्या बृहद्व्याकरणात त्यांची गणना वाक्याबाहेरून वाक्यावर भाष्य करणाऱ्या वर्गात केलेली आहे. क्रिया कशी घडली हे ती सांगत नाहीत. घडलेल्या क्रियेविषयी बोलणाऱ्याचा निवाडा सांगतात. या वर्गातही आणखी एक भेद आहे. 'राइटली' किंवा 'जस्टली' म्हटले की कृती योग्य ठरते आणि ती करणाराही योग्य वागला असे ठरते. 'अंडरस्टँडेबली' म्हटले की केवळ घटनेविषयीची प्रतिक्रिया कळते. कर्त्याच्या पदरात श्रेय पडत नाही.

एकच शब्द रीतिवाचकही असू शकतो आणि निवाडावाचकही, ही यातील खरी अडचण आहे. 'रीझनेबली' हा शब्द 'नकार दिला' या क्रियापदापूर्वी आला, तर नकार देणे वाजवी होते असा अर्थ बहुधा होतो. तोच वाक्याच्या शेवटी आला, तर नकार समंजसपणे, आदळआपट न करता दिला असा होतो. पहिल्या वाक्यात निर्णयाची बाजू घेतली आहे, दुसऱ्यात केवळ वागण्याची रीत वर्णिली आहे. असमंजस निर्णयही समंजस शब्दांत कळविता येतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या भेदाचे महत्त्व पटावे. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५६ साली ॲरिस्टॉटेलियन सोसायटीपुढे वाचलेल्या सबबींविषयीच्या निबंधात क्रियाविशेषणाच्या स्थानाचा हाच विचार गोगलगाईवर पडलेल्या पावलाच्या उदाहरणाने मांडला आहे. 'धांदरटपणे' या अर्थाचा शब्द आरंभी ठेवला की पाय पडणे हीच चूक ठरते. क्रियापदानंतर ठेवला की पाय टाकण्याची पद्धत तेवढी धांदरट ठरते.

त्याच निबंधातील दुसरा भेद आपल्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. समर्थन आणि सबब या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे ऑस्टिन दाखवितात. समर्थन करणारा कृत्याची जबाबदारी घेतो, परंतु ते वाईट होते हे नाकारतो. सबब सांगणारा कृत्य वाईट होते हे मान्य करतो, परंतु त्याची पूर्ण जबाबदारी नाकारतो. 'जस्टिफायबली' हा शब्द पहिल्या बाजूचा आहे. 'अंडरस्टँडेबली' निश्चितपणे कोणत्याच बाजूचा नाही. तो सहानुभूती देतो, संमती देत नाही. एखाद्या पात्राचा राग 'जस्टिफायबली' उसळला असे समीक्षक लिहितो तेव्हा तो त्या पात्राच्या बाजूने उभा असतो. 'अंडरस्टँडेबली' लिहितो तेव्हा तो काठावर उभा असतो. मराठी सारांशात दोन्हीकडे 'साहजिकच' घातले, तर त्या समीक्षकाची भूमिकाच पुसली जाते.

२

या शब्दांची पारख करण्याची एक सोपी कसोटी आहे. 'मानणे' या अर्थाच्या क्रियापदाशी त्यांना एकेक करून जोडून पाहावे. अमुक समीक्षकाने अमुक गोष्ट 'राइटली' मानली, असे म्हटले की ती गोष्ट खरी असल्याची ग्वाही लेखक देतो. 'रीझनेबली' मानली म्हटले की समीक्षकाजवळचा पुरावा त्या मतास पुरेसा होता एवढेच तो सांगतो. मत खरे की खोटे हा प्रश्न खुला राहतो. 'जस्टिफायबली' मानली म्हटले की कोणी आव्हान दिल्यास ते मत कारणांनिशी टिकेल, असा अधिक जोरदार दावा होतो. तरीही त्याच्या सत्यतेची हमी मिळत नाही. 'अंडरस्टँडेबली' मानली म्हटले, तर ते मत चुकीचे होते, असे सूचनेने सांगितल्यासारखेच होते.

समर्थनीय असणे आणि सत्य असणे यांतील हे अंतर तत्त्वज्ञांना नवे नाही. एडमंड गेटिअर यांचा १९६३ मधील अवघ्या तीन पानांचा प्रसिद्ध निबंध समर्थनीय समजूत खोटीही असू शकते हे गृहीत धरूनच पुढे जातो आणि ती समर्थनीय असून खरीही असली, तरी तिला ज्ञान म्हणता येईलच असे नाही, असे दाखवून देतो. आपल्या परंपरेतील एका शब्दाकडेही येथे वळून पाहिले पाहिजे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात अनुभवाचे यथार्थ आणि अयथार्थ असे दोन प्रकार केले आहेत. वस्तू जशी आहे तसे तिचे ज्ञान होणे ही यथार्थतेची खूण होय. ज्ञात्याजवळ त्यासाठी कोणती कारणे होती हा त्या व्याख्येचा भाग नव्हे. तेव्हा 'यथार्थ' हा शब्द फार तर 'राइटली'च्या जवळ जातो; 'जस्टिफायबली' किंवा 'रीझनेबली' यांच्या जागी तो ठेवला, तर मूळ लेखकाने न दिलेली सत्यतेची ग्वाही आपण त्याच्या नावे देऊन बसतो.

या भेदावर केवढा भार पडू शकतो, हे कायद्यात स्पष्ट दिसते. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम १०० आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३८ यांत स्वसंरक्षणार्थ हल्लेखोराचा जीव घेण्याचा हक्क कोठवर पोचतो हे सांगितले आहे. तेथे हल्ल्यामुळे मृत्यूची भीती 'रीझनेबली' उत्पन्न व्हावी लागते. धोका प्रत्यक्षात खरा ठरला की नाही, एवढ्यावर निर्णय लागत नाही. त्या क्षणी, त्या परिस्थितीत तशी भीती वाटणे वाजवी होते की नाही, हे न्यायालय पाहते. 'रीझनेबली'च्या जागी 'राइटली' अशी कल्पना करून पाहावी. किती निरपराध माणसे अपराधी ठरतील, हे निराळे सांगावयास नको.

संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदातही असेच घडले. भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांच्या दुसऱ्या खंडात 'वाजवी' या अर्थाचे विशेषण मुळात नव्हते. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते घातले गेले. त्या एका शब्दामुळे निर्बंध वाजवी आहे की नाही हे न्यायालयाला तपासता येऊ लागले. कायद्यातील 'वाजवी' हा शब्द चौकशीचे दार उघडतो: कारणे दाखवा, ती पुरेशी आहेत का ते आम्ही पाहू, असे तो म्हणतो. समीक्षेतील 'यथार्थपणे' नेमके तेच दार लावून घेतो.

३

याच कुळातील दोन शब्द वाचकाला हमखास फसवितात. 'रीझनेबली' आणि 'फेअरली' हे विशेषणापूर्वी आले की त्यांचा न्यायाशी संबंध सुटतो आणि ते परिमाणवाचक होतात. 'रीझनेबली गुड' म्हणजे वाजवीपणे चांगले नव्हे, बऱ्यापैकी चांगले. 'फेअरली सर्टन' म्हणजे न्याय्यपणे निश्चित नव्हे. बऱ्यापैकी खात्री असलेला. 'बऱ्यापैकी' हा शब्द 'बरे' यातून आला असून त्यालाही चांगुलपणाकडून परिमाणाकडे असाच प्रवास करावा लागला आहे, ही गोष्ट मनोरंजक आहे.

दुसरा शब्द 'आर्ग्युएबली'. याचे 'वादग्रस्तपणे' असे केलेले भाषांतर अर्थ जवळजवळ उलटा करते. 'आर्ग्युएबली'चा रोख विधानाच्या बाजूने असतो: हे विधान मी पूर्णपणे सिद्ध केले नसले, तरी त्याच्या बाजूने युक्तिवाद उभा करता येईल. 'वादग्रस्त' म्हटले की विधानावर संशयाची छाया पडते. 'असे म्हणता येईल', 'असे म्हणण्यास जागा आहे' ही त्याची खरी मराठी रूपे होत. 'जस्टिफायबली' आणि 'आर्ग्युएबली' या दोहोंत शक्यतादर्शक प्रत्यय एकच आहे. परंतु पहिला शब्द समर्थन आहेच असे सांगतो आणि दुसरा ते करता येण्याजोगे आहे एवढेच सांगून थांबतो. शब्दाची घडण पाहून अर्थ ठरविणाऱ्याने येथे सावध राहिले पाहिजे.

४

आता मराठीकडे वळू. अपेक्षितता सांगण्यासाठी मराठीत वाक्यावर भाष्य करणारे शब्द पूर्वापार आहेत: साहजिकच, स्वाभाविकच, अर्थातच. समर्थन सांगण्याची वेळ आली की मात्र मराठी सहसा क्रियाविशेषणाकडे जात नाही. तिच्याजवळ निदान तीन स्वाभाविक वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे निवाड्याला स्वतंत्र विधेय करणे. 'तो रागावला ते बरोबरच होते', 'तिने नकार दिला यात काही गैर नव्हते', 'त्याला शंका आली यात नवल नाही'. घटना एका उपवाक्यात आणि निवाडा दुसऱ्यात राहतो. 'बरोबरच होते' आणि 'यात नवल नाही' यांत 'जस्टिफायबली' आणि 'अंडरस्टँडेबली' यांच्यातील भेद मराठी किती नेमका सांभाळते, हे येथे पाहण्यासारखे आहे. दुसरी वाट म्हणजे नामाला विशेषण लावणे: सार्थ अभिमान, रास्त तक्रार, साधार भीती, वाजवी अपेक्षा. इंग्रजीत माणसे 'जस्टिफायबली प्राउड' असतात. मराठीत त्यांना सार्थ अभिमान असतो. तिसरी वाट बोलण्यातील आहे आणि ती प्रश्नाची आहे. 'त्याचे काय चुकले?' यात समर्थन आहे. 'रागावेल नाही तर काय करील?' यात समजून घेणे आहे. प्रश्न विचारून आपली भाषा ऐकणाऱ्यालाच निवाड्यात सहभागी करून घेते.

याउलट समर्थनाचा अभाव सांगावयाचा असेल, तर मराठीजवळ अस्सल क्रियाविशेषणांची रेलचेल आहे: नाहक, हकनाक, उगाच, विनाकारण, निष्कारण, अकारण. 'त्याला नाहक गोवले' हे वाक्य सहज येते. त्याच्या उलट अर्थाचे तितकेच सहज क्रियाविशेषण घालू गेले तर सापडत नाही. 'त्याला रास्तपणे गोवले' असे कोणी म्हणत नाही. 'त्याला गोवले ते योग्यच झाले' असे म्हणतात. 'सकारण नकार दिला' याचा अर्थ कारणे सांगून नकार दिला असा होतो. नकार समर्थनीय होता असा होत नाही. 'उगाच' हा शब्दही समर्थनाला उपयोगी पडतो, परंतु नकाराच्या आधाराने: 'तो एवढा प्रसिद्ध आहे तो उगाच नव्हे'. 'जस्टली फेमस' या प्रयोगाला याहून चांगले मराठी रूप मला तरी माहीत नाही.

या विषमतेचा एक अर्थ असा लावता येईल. माणसे वागतात ते काही कारणाने वागतात, हे बोलण्यात गृहीतच असते. ते कारण नसले तर तेवढे शब्दाने दाखवावे लागते. कारण आहे, हेच आवर्जून सांगावयाचे असेल, तर त्याचा अर्थ कोणीतरी त्यावर शंका घेतलेली आहे. शंका घेतलेली असेल, तर ओझरता शब्द पुरत नाही. उत्तर द्यावे लागते. मराठीने त्यासाठी पूर्ण विधेयाची जागा राखून ठेवली आहे.

५

'-पणे' आणि '-रीत्या' लावून केलेली रूपे या व्यवस्थेत दोन प्रकारे अडचण करतात. एक तर ती मराठीच्या स्वभावानुसार रीतिवाचक अर्थाकडे झुकतात. वरिष्ठ न्यायालयाच्या इंग्रजी निकालात कनिष्ठ न्यायालयाने अर्ज 'राइटली' फेटाळला असे असेल आणि अनुवादक 'योग्यरीत्या फेटाळला' असे लिहील, तर वाचकाला कार्यपद्धती नीट पाळली गेली एवढेच कळेल. 'अर्ज फेटाळला तो योग्यच होय' असे लिहिल्याशिवाय निर्णयाला संमती मिळाल्याचे कळणार नाही.

दुसरी अडचण आपल्या क्षेत्रातील आहे आणि माझ्या मते ती अधिक गंभीर आहे. बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या ग्रंथाचे उदाहरण घ्यावे. 'यमुनापर्यटन ही मराठीतील पहिली कादंबरी यथार्थपणे मानली जाते' असे वाक्य कोणत्याही प्रबंधात खपून जाईल. त्यात दोन गोष्टी लपल्या आहेत. 'मानली जाते' या कर्मणी प्रयोगात मानणारा लपला आहे आणि 'यथार्थपणे' या शब्दात ते मानणे बरोबर ठरविणारा लपला आहे. या ग्रंथाच्या धर्मप्रसाराच्या हेतूमुळे त्याला कादंबरी म्हणावे की नाही, हा प्रश्न उपस्थित होतो. 'पहिली' म्हणजे कालक्रमाने पहिली की वाङ्मयप्रकाराची जाण ठेवून लिहिलेली पहिली, हाही प्रश्न आहे. वरील वाक्याने हे दोन्ही प्रश्न न सोडविताच मिटविले.

आता तेच विधान मराठीच्या रीतीने मांडून पाहावे: 'यमुनापर्यटनला मराठीतील पहिली कादंबरी म्हणतात, ते रास्त आहे'. हे वाक्य येथे थांबूच शकत नाही. 'रास्त आहे' म्हटले की वाचक 'कारण' या शब्दाची वाट पाहतो. ते कारण काय द्यावयाचे, याचा विचार लेखकाला करावाच लागतो: समकालीन विधवांच्या दुःस्थितीचे वास्तव कथानकात गुंफले म्हणून, की प्रवासाच्या सूत्रात अनेक प्रसंग बांधले म्हणून? आणि पुरेसे कारण देता येत नाही असे आढळले, तर प्रामाणिक लेखक 'असे म्हणण्यास जागा आहे' या पायरीवर उतरतो. किंवा 'त्या काळातील इतर गद्य पाहता तसे वाटले यात नवल नाही' असे म्हणून स्वतःची असहमती सूचित करतो. तीन वाक्ये म्हणजे तीन भूमिका. 'यथार्थपणे' या एका शब्दाने त्या तिन्हींचा निकाल परस्पर लावून टाकला होता.

६

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, आधुनिक मराठी गद्य इंग्रजीच्या सहवासातच घडले आहे. १८७४ मध्ये सुरू झालेल्या 'निबंधमाले'च्या भाषेवरही इंग्रजी निबंधाचे संस्कार आहेतच; मग चार क्रियाविशेषणांचेच वावडे का? याला उत्तर असे की, आक्षेप परक्या वळणावर नाही. नव्या वळणाने भाषेची शक्ती वाढत असेल, तर ते स्वागतार्हच होय. येथे मात्र जवळ असलेला भेद बोथट होतो आणि त्याच्या बदल्यात थोडासा आटोपशीरपणा तेवढा पदरी पडतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विधेयाची रचना केली म्हणून लेखक आपोआप प्रामाणिक होत नाही. 'हे उघडच आहे', 'हे निर्विवाद आहे' या विधेयांनीही वाचकाचे तोंड बंद करता येते. हे मान्य केले पाहिजे. व्याकरणाने नीतिमत्ता येत नाही. परंतु स्वतंत्र विधेय वाचकाच्या डोळ्यांपुढे असते, त्याला 'का?' असे विचारता येते. वाक्याच्या मध्यभागी दबून बसलेल्या क्रियाविशेषणाला कोणी प्रश्न विचारीत नाही, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. शब्दाला शब्द ठेवण्याचा मोह यंत्रानुवादाच्या सोयीमुळे आता वाढला असल्याने ही दक्षता अधिकच आवश्यक झाली आहे.

तेव्हा मार्गदर्शक अध्यापकांना एवढेच सुचवावेसे वाटते. विद्यार्थी इंग्रजी समीक्षा वाचीत असता अशा प्रत्येक क्रियाविशेषणापाशी त्याला तीन प्रश्न विचारावयास लावावेत: हा निवाडा कोणाचा? तो कृतीविषयी आहे, कृतीच्या रीतीविषयी आहे, की केवळ परिमाण सांगतो? आणि तो सत्यतेची ग्वाही देतो, की केवळ कारणांची? प्रबंध तपासताना 'यथार्थपणे म्हटले आहे', 'रास्तपणे प्रतिपादिले आहे' असे आढळेल तेथे ते शब्द खोडून 'म्हटले आहे ते रास्त आहे' असे करण्यास सांगावे, आणि पुढे 'कारण' लिहून जागा मोकळी सोडावी. ती जागा ज्याला भरता येईल, त्याचे मत त्याचे स्वतःचे आहे. ज्याला ती भरता येणार नाही, त्याला आपण दुसऱ्याच्या मतावर केवळ सही करीत होतो, हे निदान कळेल. संशोधनाची सुरुवात पुष्कळदा तेथूनच होते.